अक्षय विजेचा राज्यवार तक्ता : एक परीक्षण

परीक्षणासाठीं येणाऱ्या ग्रंथांत काव्यें असतात, कादंबऱ्या असतात, चरित्रें असतात. परंतु ज्या लिखाणाचा आपल्या नित्याच्या संसारावर सर्वांत अधिक परिणाम होतो, तें बहुधा कोष्टकांच्या रूपानें प्रसिद्ध होतें, आणि म्हणूनच कीं काय, त्याचें परीक्षण करावें असें कोणाच्या मनांत येत नाहीं. असें एक लिखाण केंद्र सरकारचें नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय दर महिन्यास प्रसिद्ध करीत असतें. डावीकडे राज्यांचीं नांवें, वरच्या ओळींत वारा, ऊन, लहान जलविद्युत्, मोठी जलविद्युत्, जैविक इंधन असे रकाने, आणि चौकटीचौकटींत मेगावॉटचे आंकडे, एवढाच त्याचा पसारा. लेखकाचें नांव नाहीं, प्रस्तावना नाहीं, अलंकार तर नाहींतच. तरीहि वर्तमानपत्रांचे मथळे, मंत्र्यांचीं भाषणें, राज्याराज्यांच्या अभिमानाच्या जाहिराती, हीं सारीं याच एका पानावर पोसलीं जातात. ज्या मजकुरावर इतका मोठा बोलबाला उभा आहे, तो एकदां बारकाईनें वाचावा आणि त्याचे गुणदोष वाचकांपुढें मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम गुणांविषयीं बोलूं. हा तक्ता थोडक्या जागेंत आपल्या देशाचा एक नकाशाच काढून दाखवितो. २०२५ च्या मार्चअखेरचे आंकडे पाहिले, तर सौर विजेच्या रकान्यांत राजस्थान सुमारें २८ हजार मेगावॉट घेऊन पहिला आणि गुजरात सुमारें १८ हजार घेऊन दुसरा दिसतो. वाऱ्याच्या रकान्यांत गुजरात व तामिळनाडु हीं दोन्ही राज्यें प्रत्येकीं ११ हजारांच्या वर आहेत; त्यांच्यामागें ७ हजारांवर कर्नाटक, आणि ५ हजारांच्या थोडे पुढें महाराष्ट्र व राजस्थान. याच रकान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आसाम यांच्यापुढें शून्य, किंवा शून्याला चिकटलेला आंकडा आढळतो. पाण्याच्या रकान्याकडे वळावें, तों पारडें फिरतें. तेथें हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम हीं लहानशीं राज्यें मोठ्यांच्या पंक्तीस येऊन बसतात.

या आंकड्यांमागें निसर्गाची हिशेबी व्यवस्था आहे, आणि ती समजून घेतल्यावांचून तक्ता वाचणें म्हणजे पंचांगांत नुसते वार वाचणें होय. नैर्ऋत्येचा मोसमी वारा सह्याद्रीवर आदळतो, आणि त्याला जेथें खिंड सांपडते तेथून तो वेगानें पूर्वेकडे घुसतो. पालघाट, शेनकोट्टा आणि कन्याकुमारीजवळची अरळवायमोळी या तीन खिंडी तामिळनाडूच्या पवनचक्क्यांचें भांडवल आहेत. मुप्पंदलची प्रसिद्ध पवनचक्क्यांची वसाहत या तिसऱ्या खिंडीच्या तोंडाशीं वसली आहे. आपल्याकडे साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर तोच वारा कामास येतो, आणि धुळे जिल्ह्यांत ब्राह्मणवेलच्या माळावर त्याच्या पंखांची रांग लागलेली दिसते. थरच्या वाळवंटांत पाऊस नाहीं, ढग थोडे आणि पडीक भूमि अफाट. म्हणून सूर्याचा रकाना तेथें भरला. हिमालयांत उतार तीव्र आणि बर्फाचें पाणी बारमाही. म्हणून पाण्याचा रकाना तेथें भरला. कोळसा मालगाडींत भरून हवा तेथें नेतां येतो. ऊन आणि वारा मात्र जेथें असतील तेथेंच त्यांची वीज करावी लागते. प्रदेशभेद हा या विजेच्या प्रकृतींतच आहे. तक्ता तो भेद लपवीत नाहीं, ही त्याची पहिली चांगली बाजू.

दुसरी चांगली बाजू अशी, कीं हा भेद आजचा नाहीं हें तक्ता जुन्या वर्षांच्या तक्त्यांशीं ताडून पाहणाऱ्यास उमजतें. १८९७ सालीं दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथें, आणि १९०२ सालीं म्हैसूर संस्थानांत कावेरीवर शिवसमुद्रम् येथें पाण्यापासून वीज काढण्यांत आली. यांपैकीं दुसरी वीज तेथल्या गांवांसाठीं नव्हतीच. ती दीडशें किलोमीटरच्या आसपास तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणीकडे गेली. १९१५ मध्यें खोपोलीला टाटांचें जलविद्युत्केंद्र सुरू झालें, तें मुंबईच्या गिरण्यांसाठीं. आणि १९८६ सालीं वाऱ्याच्या विजेचे पहिले प्रयोग झाले, ते रत्नागिरी, ओखा आणि तामिळनाडूचा दक्षिण किनारा या ठिकाणीं. वीज पिकावी एके ठिकाणीं आणि खपावी दुसऱ्या ठिकाणीं, ही या देशाची सव्वाशें वर्षांची रीत आहे. आज ती केवळ मोठ्या प्रमाणावर चालली आहे.

येथवर तक्त्याची स्तुति झाली. आतां दोषांकडे वळलें पाहिजे. आणि ते थोडे नाहींत.

पहिला दोष शब्दाचा आहे. तक्त्यांतील आंकडा 'स्थापित क्षमता' सांगतो. म्हणजे यंत्र पूर्ण जोरानें चाललें तर एका क्षणीं किती वीज देईल तें. पण मुदपाकखान्यांत किती मोठीं पातेलीं आहेत हें सांगितल्यानें पंगतींत किती जेवले हें कळत नाहीं. एक मेगावॉटचें सौर केंद्र आपल्याकडे वर्षाकाठीं साधारणतः १५ ते १८ लाख युनिट वीज देतें, कारण रात्र आहे, ढग आहेत, सकाळ-संध्याकाळचें तिरकें ऊन आहे. तितक्याच क्षमतेचें कोळशाचें केंद्र त्याच्या तिप्पट किंवा अधिक वीज देऊं शकतें. २०२५ च्या जूनअखेर देशाच्या एकंदर स्थापित क्षमतेपैकीं निम्मी क्षमता कोळसा-तेल-वायु यांवांचून चालणारी झाली, ही घोषणा मोठ्या गौरवानें करण्यांत आली, आणि ती खरीहि होती. परंतु २०२४-२५ या वर्षीं प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेंत या निम्म्या क्षमतेचा वाटा सुमारें एक चतुर्थांश होता, आणि बाकीचा भार मुख्यतः कोळशानेंच उचलला, हें किती वाचकांच्या ध्यानांत आलें असेल? दोन्ही विधानें खरीं आहेत. पण एकच पुन्हा पुन्हा सांगितलें म्हणजे ऐकणाऱ्याची समजूत खोटी होते. तामिळनाडूचा वारा मे ते सप्टेंबर या महिन्यांत भरभरून वाहतो आणि मग मंदावतो. तक्त्यांत मात्र तो बारा महिने सारखाच वाहतांना दिसतो.

दुसरा दोष व्याख्येचा. २०१९ च्या मार्चपर्यंत २५ मेगावॉटहून मोठें जलविद्युत्केंद्र सरकारच्या लेखीं 'नवीकरणीय' नव्हतें. त्या महिन्यांत मंत्रिमंडळानें ठराव केला आणि तें झालें. हिमाचलांतील सतलज, बियास आणि रावी या नद्या फेब्रुवारींत वाहत होत्या तशाच एप्रिलमध्येंहि वाहत होत्या. परंतु एका ठरावानें त्या राज्याचें स्थान हजार मेगावॉटच्या आसपासच्या लहान जलविद्युतीवरून दहा हजारांच्या घरांत जाऊन पोंचलें. व्याख्या बदलूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. नदीचें पाणी दरवर्षीं नवें येतें, हें तत्त्व धरणाच्या आकारावर अवलंबून नाहीं, आणि जगांत इतरत्रहि मोठी जलविद्युत् या वर्गांत धरतात. तथापि ज्या तक्त्यांत व्याख्या बदलते, त्यांत मागल्या वर्षाशीं तुलना करतांना तसें सांगितलें पाहिजे. शिवाय 'अक्षय' हा शब्द पाण्यापुढें लावतांना थोडा संकोच बाळगावा, असें अलीकडचा इतिहास सांगतो. २०२१ च्या ७ फेब्रुवारीस चमोली जिल्ह्यांत ऋषिगंगेच्या लोंढ्यानें तपोवनचें बांधकाम गाडलें आणि दोनशेंहून अधिक माणसें मृत वा बेपत्ता झालीं. २०२३ च्या ४ ऑक्टोबरला सिक्कीममध्यें दक्षिण ल्होनक हें हिमसरोवर फुटलें, आणि तीस्ता-३ या १२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचें चुंगथांग येथील धरण वाहून गेलें. आदल्या दिवसापर्यंत तक्त्याच्या चौकटींत उभें असलेलें धरण एका रात्रींत नाहींसें झालें. आपल्या कोयनेचा १९६७ च्या ११ डिसेंबरचा भूकंप ज्यांच्या स्मरणांत आहे, त्यांस हें निराळें सांगावयास नको.

तिसरा दोष मांडणीचा आहे, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. आंकड्यांच्या उतरत्या क्रमानें राज्यें मांडलीं, कीं वाचणाऱ्यास ती परीक्षेची गुणपत्रिका वाटूं लागते. राजस्थान पहिला म्हणून हुशार, बिहार शेवटल्यांत म्हणून आळशी, असा निकाल मनांत आपोआप लागतो. वास्तविक या गुणांत निसर्गाचा वाटा किती, राज्याच्या धोरणाचा किती, आणि केंद्राच्या नियमांचा किती, हें निवडून पाहिलें पाहिजे. वाऱ्याच्या बाबतींत निसर्गाचा निकाल जवळजवळ अंतिम आहे. गंगेच्या मैदानांत पवनचक्की लावून राज्यकर्त्यानें कितीहि फुंकर घातली, तरी ती फिरणार नाहीं. सूर्याची गोष्ट तशी नाहीं. बिहारचें ऊन राजस्थानच्या उन्हाहून कमी प्रखर आहे खरें. परंतु तो फरक कांहीं पटींचा नव्हे. तक्त्यांतील फरक मात्र कित्येक पटींचा आहे. जोधपूरच्या बाजूस भडल्याच्या एका सौर उद्यानांतच २२४५ मेगावॉटची क्षमता आहे. साऱ्या बिहार राज्याची सौर क्षमता त्याच्या पासंगालाहि पुरत नाहीं. एवढी तफावत केवळ सूर्यानें केलेली नाहीं.

मग ती कोणीं केली? अंशतः जमिनीनें केली, कारण बिहारांत माणसें दाट आणि शेतें लहान. परंतु अंशतः ती नियमानें केली. ३० जून २०२५ पर्यंत सुरू होणाऱ्या सौर व पवन प्रकल्पांची वीज दुसऱ्या राज्यांत नेतांना आंतरराज्य तारांचें भाडें माफ होतें. त्यानंतरच्या प्रकल्पांची सवलत टप्प्याटप्प्यानें कमी व्हावयाची आहे. अंतराला किंमत नाहीं, असें एकदां ठरलें म्हणजे भांडवल जेथें ऊन सर्वांत चांगलें आणि जमीन सर्वांत मोकळी तेथेंच जाणार. बिहारांत किंवा झारखंडांत मध्यम प्रतीच्या उन्हावर केंद्र बांधण्याची गरज कोणास वाटणार नाहीं.

या ठिकाणीं जुनी एक गोष्ट आठवते. १९५० च्या दशकांत सरकारनें मालवाहतुकीच्या समानीकरणाचें धोरण आणलें. कोळसा, पोलाद इत्यादि माल देशांत कोठेंहि सारख्याच किंमतींत मिळावा म्हणून वाहतुकीचा खर्च सर्वांवर सारखा वांटला गेला. हेतु उदात्त होता. परिणाम असा झाला, कीं ज्या बिहार-बंगाल-ओरिसाच्या पोटांत खनिजें होतीं, त्यांचा खाणीजवळ असण्याचा स्वाभाविक फायदा नाहींसा झाला, आणि कारखाने बंदरांजवळ व बाजारपेठांजवळ, म्हणजे पुष्कळ अंशीं आपल्या पश्चिमेकडे, वाढले. १९९० च्या दशकांत तें धोरण गेलें, तोंवर चाळीसेक वर्षें उलटलीं होतीं. आज तारांचें भाडें माफ करून आपण त्याच तत्त्वाचा दुसरा प्रयोग चालविला आहे. यांत पूर्वेला केंद्रें मिळत नाहींत. आणि थरच्या वाळवंटालाहि स्वस्त विजेच्या जवळ असण्याचा फायदा मिळत नाहीं, कारण ती वीज दूरच्या कारखान्यास तितक्याच सोयीनें मिळते. या सवलतीमुळें देशांत सौर वीज झपाट्यानें वाढली व स्वस्त झाली, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तिचे प्रादेशिक परिणाम कोणत्याहि रकान्यांत नोंदलेले नाहींत, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

चौथा दोष आमच्या मतें सर्वांत गंभीर आहे. तक्ता वीज कोठें पिकते तें सांगतो. ती कोणासाठीं पिकते आणि पिकविणाऱ्या भूमीच्या पदरांत काय पडतें, याविषयीं तो एक अक्षर काढीत नाहीं. मध्य प्रदेशांतील रेवा येथील ७५० मेगावॉटच्या सौर केंद्राची कांहीं वीज दिल्लीच्या मेट्रोला जाते. पण तक्त्यांत ती क्षमता मध्य प्रदेशच्या नांवावर आहे. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, दक्षिणेचें वीजजाळें उर्वरित देशाच्या जाळ्यास मिळालें आणि सारा देश एका तारेंत ओवला गेला. त्या दिवसापासून तर 'अमुक राज्याची वीज' हा शब्दप्रयोग हिशेबापुरताच उरला आहे. वीज सर्वांची, हें ऐकावयास गोड आहे. परंतु भूमि, चराऊ कुरण आणि नदीचें पात्र हीं सर्वांचीं नाहींत. तीं कोणा एका गांवाचीं आहेत.

महाराष्ट्राला हें निराळें शिकविण्याची गरज नसावी. १९२१ ते १९२४ या काळांत मुळशीच्या मावळ्यांनीं जो सत्याग्रह केला, तो याच प्रश्नावर होता. पन्नासच्या आसपास गांवांचीं भातखाचरें पाण्याखालीं जावयाचीं होतीं, आणि त्या पाण्याची वीज घाट उतरून मुंबईस जावयाची होती. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापति' हें नांव त्याच लढ्यानें दिलें. धरण झालें, १९२७ सालीं भिऱ्याचें केंद्र सुरू झालें, आणि मुंबईच्या भरभराटींत त्या विजेचा वाटा मोठा होता यांत शंका नाहीं. तरी पण त्या काळचा कोणी तक्ता आज हातीं आला, तर त्यांत भिऱ्याचे मेगावॉट सांपडतील. मुळशीचीं भातखाचरें सांपडणार नाहींत.

आतां असें विचारलें जाईल, कीं भूमीला मोबदला देण्याची व्यवस्था आपल्या कायद्यांत नाहीं काय? आहे, पण ती फार विषम आहे. कोळशाच्या खाणीच्या राज्यास कोळशाच्या किंमतीवर शेंकडा १४ प्रमाणें स्वामित्वधन मिळतें. केंद्राच्या धोरणानुसार मोठ्या जलविद्युत्प्रकल्पाकडून यजमान राज्यास शेंकडा १२ वीज फुकट मिळते, आणि २००८ च्या धोरणानें आणखी एक टक्का स्थानिक विकासाकरितां ठेवला. नर्मदा लवादानें १९७९ मध्यें सरदार सरोवराच्या विजेचे वांटे घातले, ते मध्य प्रदेशास ५७, महाराष्ट्रास २७ आणि गुजरातेस १६ टक्के. ज्यांच्या भूमीवर पाणी चढावयाचें, त्यांस वीज मिळावी हा त्यांतील विचार उघड होता. त्या वांटणीनें अक्कलकुवा व अक्राणी महालांतील बुडणाऱ्या ३३ गांवांचें दुःख हलकें झालें असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि राज्याराज्यांतील हिशेबांत तरी त्या भूमीची नोंद झाली. ऊन आणि वारा यांच्यासाठीं मात्र असा देशव्यापी नियम नाहीं. कोळशाला चौदा टक्के, पाण्याला बारा टक्के, उन्हाला कांहीं नाहीं!

एवढ्यानेंहि गोष्ट संपत नाहीं. राज्यघटनेनें राज्यांस विजेच्या खपावर व विक्रीवर कर बसविण्याचा अधिकार दिला आहे, निर्मितीवर नाहीं. आणि राज्यांनीं निर्मितीवर कर बसविणें घटनाबाह्य आहे, मग ती वीज पाण्याची असो, वाऱ्याची असो वा उन्हाची, असें केंद्रीय वीज मंत्रालयानें २०२३ मध्यें राज्यांस कळविलें. हिमाचलानें जलविद्युतीवर बसविलेला पाणी-उपकर तेथील उच्च न्यायालयानें २०२४ च्या मार्चमध्यें रद्द केला. कायद्याचा अर्थ न्यायालयानें लावला, तो आम्हांस शिरोधार्य आहे. त्याचा परिणाम मात्र ध्यानांत घेतला पाहिजे. वीज खपते तेथील सरकारास कर मिळतो. वीज पिकते तेथील सरकारास तक्त्यांतील पहिला क्रमांक मिळतो.

राज्याच्या आंत उतरून पाहिलें, तर हीच विषमता लहान रूपांत पुन्हा भेटते. कर्नाटकांत तुमकूर जिल्ह्यांतील पावगड हा अवर्षणाचा तालुका. तेथें सुमारें १३ हजार एकरांवर २०५० मेगावॉटचें सौर उद्यान उभें राहिलें, आणि तें उभें करतांना जमीन विकत न घेतां भाड्यानें घेतली. एकरीं वर्षास २१ हजार रुपये, आणि दर दोन वर्षांनीं पांच टक्के वाढ. शेतकऱ्याची मालकी शाबूत राहिली, कोरडवाहू रानाला खात्रीचें उत्पन्न आलें. ही पद्धति खरोखरीच वाखाणण्यासारखी आहे. आपल्या राज्याच्या २०२३ च्या सौर कृषि वाहिनी योजनेनें हेक्टरीं वर्षास सवा लाख रुपये भाडें ठेवलें, म्हणजे पावगडच्या मूळ दराच्या दुपटीहून अधिक, आणि त्या विजेचा उद्देशहि जवळच्याच शेतीपंपांस दिवसां वीज देण्याचा ठेवला. रात्रीं बॅटरी हातांत घेऊन उसाला पाणी द्यावयास जाणाऱ्या शेतकऱ्यास दिवसाची वीज म्हणजे काय, हें शहरांतील वाचकास कल्पनेनेंच जाणावें लागेल. परंतु भाडें कोणास मिळतें? ज्याच्या नांवावर सात-बारा आहे त्यास. ज्याच्या नांवावर कांहीं नाहीं, जो त्याच रानांत खुरपणी-कापणीला जात होता, त्याची मजुरी गेली आणि भाडें आलें नाहीं. राजस्थानांत ओरण म्हणून देवाच्या नांवें राखलेलीं कुरणें आहेत, आपल्या देवरायांचींच जणूं वाळवंटांतील भावंडें. त्यांपैकीं कित्येक सरकारी कागदांत 'पडीक' म्हणून नोंदलेलीं. तेथें शेळ्या-उंट चारणाऱ्यांनीं त्यांवर होणाऱ्या अतिक्रमणाविरुद्ध जैसलमेरकडे वारंवार आवाज उठविला आहे. आणि त्याच प्रदेशांतील माळढोक पक्षी उंच तारांना धडकून मरतो, म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २०२१ मध्यें त्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, व २०२४ मध्यें अक्षय विजेची गरज लक्षांत घेऊन तो सौम्य केला. सोलापुराजवळ नान्नजला ज्यांनीं एके काळीं माळढोक पाहिला असेल, त्यांस त्या दोन्ही निकालांतील पेंच समजेल.

आमच्या या टीकेवर एक आक्षेप घेतां येईल, आणि तो वजनदार आहे. ऊन कोणा राज्याच्या मालकीचें नाहीं. तें खणून काढावें लागत नाहीं, वापरल्यानें संपत नाहीं. कोळसा एकदां गेला कीं गेला, म्हणून त्याला स्वामित्वधन. धरणानें गांवें बुडतात, म्हणून पाण्याला बारा टक्के. उन्हाचें काय गेलें? शिवाय प्रत्येक राज्यानें आपला टोलनाका उभारला, तर वीज महाग होईल, आणि ती महाग झाली म्हणजे पहिला चटका बिहारच्या गरीब कुटुंबालाच बसेल. ज्याच्या कैवारासाठीं आम्ही लिहितों, त्याच्याच डोक्यावर भार टाकतों, असा हा आक्षेप.

त्यांतील अर्धा भाग आम्हांस मान्य आहे. ऊन कोणाचें नाहीं, म्हणून उन्हावर कर नसावा, हें ठीक. सरसकट बारा टक्के वीज फुकट देण्याची नक्कल येथें करावी असेंहि आम्ही म्हणत नाहीं. जलविद्युतींत तो भार अखेर ग्राहकाच्याच बिलांत जातो. परंतु उन्हाचें कांहीं जात नसलें, तरी जमिनीचें जातें. पंचवीस वर्षें कांचेच्या तावदानांखालीं झांकलेलें कुरण हें त्या पंचवीस वर्षांपुरतें बुडालेलेंच कुरण आहे. तें पाण्याखालीं आहे कीं कांचेखालीं, हा शेळीला पडणारा प्रश्न नव्हे. तेव्हां मोबदल्याचें नातें सूर्याशीं न जोडतां भूमीशीं जोडावें. तो राज्याच्या तिजोरींत न घालतां त्या गांवांस व त्यांतील भूमिहीनांसहि पोंचावा. आणि त्याचें प्रमाण देशभर एकच असावें, म्हणजे राज्याराज्यांत चढाओढीची टोळधाड माजणार नाहीं. जलविद्युतींतला स्थानिक विकासाचा एक टक्का हा नमुना त्यासाठीं तयारच आहे. एका युनिटावर त्याचा भार पैशांत मोजण्याइतका पडेल. बिहारच्या कुटुंबाला तो जड वाटेल असें आम्हांस वाटत नाहीं. उलट उद्यां बिहारांतहि तळ्यांवर, कालव्यांवर, छपरांवर वीज पिकूं लागली, तर तो त्याच्याहि उपयोगी पडेल.

आणखी एक प्रश्न या तक्त्याच्या पोटांत दडलेला आहे. झारखंड, ओरिसा, छत्तीसगड यांच्या तिजोऱ्या आज कोळशाच्या स्वामित्वधनावर पुष्कळ अंशीं अवलंबून आहेत. कोळसा जसजसा मागें पडेल तसतशी त्यांची मिळकत आटेल, आणि अक्षय विजेच्या तक्त्यांत तर तीं राज्यें आधींच खालच्या ओळींत आहेत. ज्यांनीं शंभर वर्षें देशाच्या भट्ट्या पेटत्या ठेवल्या, खाणींचा धूर गिळला, समानीकरणाचा तोटा सोसला, त्यांच्याकडे नव्या युगानें रिकामा रकाना घेऊन यावें, हें न्यायाचें होणार नाहीं. २०३० पर्यंत ५०० गिगावॉटचें ध्येय २०२१ मध्यें ग्लासगो येथें जाहीर झालें. त्या ध्येयांत एकूण बेरीज आहे, पण या राज्यांचा वाटा कोणता, हें त्यांत नाहीं.

साहित्याच्या मासिकांत मेगावॉटचें काय काम, असें एखादा वाचक म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें, कीं धरणाचा तक्ता अनेक वर्षें छापला जात होता; परंतु धरणग्रस्त माणूस मराठी मध्यमवर्गास मोठ्या प्रमाणावर भेटला तो विश्वास पाटील यांच्या १९९१ च्या 'झाडाझडती' या कादंबरींत. जो रकाना सरकारनें ठेवला नाहीं, तो कादंबरीकारास भरावा लागला. सौर पटलांखालच्या कुरणाची आणि पवनचक्कीच्या पायथ्याच्या पठाराची अशी कादंबरी मराठींत यावी, अशी आमची इच्छा आहे. परंतु तिची वाट पाहत बसणें मंत्रालयास शोभणार नाहीं.

म्हणून या लिखाणाच्या पुढच्या आवृत्त्यांसाठीं आमच्या सूचना साध्या आहेत. क्षमतेच्या शेजारीं त्या वर्षीं प्रत्यक्ष निघालेली वीज द्यावी. व्याख्या बदलेल तेथें तळटीप द्यावी. राज्यांत किती पिकली त्याच्या शेजारीं राज्यांत किती खपली, हें द्यावें. शेवटीं दोन रकाने नवे घालावे : किती जमीन लागली, ती कोणत्या प्रकारची होती, आणि तिच्या मोबदल्यांत गांवाला वर्षाकाठीं काय मिळालें. यांतील बरीचशी माहिती निरनिराळ्या कचेऱ्यांच्या दप्तरांत आजहि आहे. ती एका पानावर आणावयाची आहे, इतकेंच. हे रकाने भरले म्हणजे राज्यांचा क्रम कदाचित् बदलेल, कदाचित् बदलणार नाहीं. परंतु पहिल्या क्रमांकाच्या राज्यांतील एखाद्या गुराख्यास कोणी तो तक्ता वाचून दाखविला, तर त्यास त्यांत आपलें रान ओळखूं येईल. आजच्या तक्त्यांत तें त्यास सांपडत नाहीं.